चढावरचं पाणी

कुंभ्याच्या वाडीच्या चढाला दोन वळणं. पहिल्यावर गाडी दमते आणि दुसऱ्यावर ड्रायव्हर, असं नागू नेहमी म्हणायचा. त्या सोमवारी मात्र गाडीनं पहिलं वळण संपतानाच हात टेकले. इंजिन बोंबलत होतं, पायाखालचा पत्रा थरथरत होता, पण गाडी वीतभर पुढं सरकायला तयार नव्हती. नागूनं पाय आणखी दाबला. आवाज वाढला आणि गाडी हातभर मागंच आली.

"हर्षला, उतर! चाकामागं धोंडा टाक!"

हर्षला त्याची मुलगी. सव्वीस वर्षांची, गाडीवर पाइप आणि वॉल्व्ह तिच्याकडे. तिनं उडी मारली, रस्त्याकडेचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून मागच्या चाकाखाली सारला, मग दुसरा आणला. नागूनं ब्रेक लावून इंजिन बंद केलं. मे महिन्याचं ऊन असं होतं की बॉनेटला हात लावला तर कातडी चिकटावी. तरी त्यानं फडक्यानं बॉनेट उघडलं आणि गिअरच्या तेलाची पट्टी ओढून वर काढली.

तेल लालभडक असायला हवं होतं. पट्टीवर गुलाबी फेस होता.

"बाबा, सोलकढी झालीय ही," हर्षला म्हणाली.

रेडिएटर निवेपर्यंत नागू रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला, विडी काढली, न पेटवताच परत खिशात ठेवली. मग झाकण उघडलं. आतही तेच, वर साय धरलेलं, गुलाबी.

"रेडिएटरच्या पोटात गिअरचं तेल गार करायची नळी असती," तो म्हणाला. "ती फुटली. तेल पाण्यात आलं न् पाणी गिअरात गेलं. आता ही एक पाऊल चालवायची नाय. चालवली तर आतल्या प्लेटींचं कातडं सोलून निघंल."

ही गाडी म्हणजे मूळचा आगीचा बंब. रसायनीकडच्या एका कंपनीच्या पहिल्या मालकानं हौसेनं परदेशातून आणलेला. त्याला क्लच नव्हता, गिअर आपले आपण पडायचे, आणि चारही चाकांना ओढ होती. नागूनं बावीस वर्षं त्या कंपनीत हा बंब चालवला. कंपनी बंद पडली तेव्हा भंगाराचा लिलाव झाला. कुणी पंखे नेले, कुणी खुर्च्या नेल्या, नागू बंब घेऊन घरी आला. बायकोनं, गौराबाईनं, चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण पाठीवर साडेचार हजार लिटर पाणी घेऊन कुंभ्याच्या वाडीचा चढ चढेल अशी दुसरी गाडी तालुक्यात नव्हती. नवे कोरे टँकर खालच्या डांबरी रस्त्यावरून चढाकडे बघायचे आणि परत जायचे. उन्हाळ्यात वाडीची पाण्याची फेरी नागूकडे आली ती अशी, आणि चार वर्षं ती त्यानं एक दिवस चुकवली नव्हती.

गाडी वर येईना म्हटल्यावर वाडीच खाली आली. बाया हंडे, कळशा, प्लॅस्टिकचे डबे घेऊन अर्ध्या चढावर उतरल्या. पुढं चिमा होती, साठीच्या पुढची, सुकलेल्या अंगाची, एका काखेत हंडा आणि दुसऱ्या हातात जर्मनचा तांब्या.

"काय झालं रं नागू? दमली व्हय?" तिनं विचारलं, आणि सवयीनं तांब्या घेऊन गाडीच्या तोंडाकडे वळली. "पाजू का हिला?"

"आज नको," नागू म्हणाला, आणि दुसरीकडं बघायला लागला.

हर्षलानं वॉल्व्ह सोडला. बाया एकामागं एक हंडे भरून चढ चढू लागल्या. डोईवर दोन, कमरेवर एक. तळपायाखाली तापलेला मुरूम. एका बाईचा पाय घसरला, हंडा सांडला, आणि ती तशीच बसून ओल्या मातीकडं बघत राहिली. नागूला ते बघवलं नाही. आपण केबिनमध्ये बसून जो रस्ता दहा मिनिटांत चढतो तो भरल्या हंड्यानं काय असतो, हे त्यानं चार वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

टाकी रिकामी झाल्यावर त्यानं इंजिन नुसतं हवेच्या ब्रेकसाठी सुरू केलं आणि गाडी इंच इंच मागं सोडत डांबरी रस्त्यावर आणली. पुढं ओढून न्यायला ट्रॅक्टर लागणार होता, आणि त्या वेळी हाताशी होता फक्त कमलेशचा.

कमलेश कळंबकडचा. दोन रिसॉर्ट, चार नवे टँकर, आणि गळ्यात सोन्याची साखळी. ट्रॅक्टर घेऊन तो स्वतःच आला. नागू गाडीखाली झोपून पुढच्या-मागच्या चाकांकडे जाणारे लोखंडी दांडे सोडवत होता. नाहीतर चाकं फिरली की गिअरबॉक्स आतून कोरडाच फिरला असता.

"काका, भंगारात न्यायच्या गाडीची एवढी काळजी?" कमलेशनं वाकून विचारलं.

"तुझ्या ट्रॅक्टरला दोरी बांध," नागू खालून म्हणाला. "तोंडाला पण बांधली तर बरं."

तरी गावातून जायचं ते ट्रॅक्टरच्या मागं, बांधून, एसटीच्या थांब्यावरच्या माणसांसमोरून. लाल बंब आणि स्टिअरिंगवर नागू. थांब्यावरचा एक जण म्हणाला, "बंबालाच आग लागली वाटतं." सगळे हसले. नागूनं मान वळवली नाही, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

संध्याकाळी ग्रामसेवकाचा फोन आला. पाणी अर्ध्यावर दिलं म्हणजे फेरी झाली असं धरता येत नाही. सोमवार चुकला. मंगळवार आणि बुधवारही चुकला, तर नियमानं लागोपाठ तीन दिवस होतात आणि फेरी दुसऱ्याकडं जाते. तोवर कमलेशशेठनं चढाच्या पायथ्याशी टाकी ठेवून भरून द्यायची तयारी दाखवली आहे.

"पायथ्याशी?" नागू ओरडला. "वाडी वर हाय, साहेब!"

पलीकडून उत्तर आलं की टाकी ही तात्पुरती सोय आहे. तात्पुरत्या सोयी किती वर्षं टिकतात हे नागूला ठाऊक होतं. गावातली शाळा बारा वर्षं तात्पुरत्या शेडमध्ये होती.

*

मंगळवारी उजाडताच खोपोलीहून झाकीर आला. झाकीर आणि नागूची ओळख कंपनीच्या काळातली. जुन्या हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज, चाळीस वर्षं ट्रकचे गिअरबॉक्स खोलण्यात गेलेली. पण या गाडीच्या गिअरबॉक्सला त्यानं कधी हात लावला नव्हता.

"नागूभाऊ, खोटं नाय सांगत," तो गाडीभोवती फेरी मारून म्हणाला. "क्लचवाला दे, डोळे मिटून बसवतो. पण ही आटोमॅटिक. आत काय संसार हाय, अल्लाला माहीत."

"संसार खोलायचा नाय. धुवायचा. कंपनीत एकदा पाणी गेलं व्हतं तवा मुंबईचा इंजिनीअर आला व्हता. ट्रे मी धरला व्हता त्याच्या हाताखाली. लवकर धुतलं तर वाचतं, म्हणाला व्हता."

"कसं धुवायचं ते आठवतंय?"

"अर्धं."

उरलेलं अर्धं हर्षलाच्या फोनवर होतं. कुठल्यातरी देशातला एक गोरा दाढीवाला असाच जुना ट्रक दुरुस्त करत होता. तो काय बोलत होता ते तिला कळेना, म्हणून तिनं आवाज बंद केला आणि नुसते हात बघितले. दाढीवाल्यानं कुठली नळी सोडली, बादली कुठं ठेवली, पुन्हा तेल कुठून ओतलं. तिनं चार वेळा बघितलं आणि म्हणाली, "बाबा, परतीची नळी सोडून बादलीत घ्यायची. इंजिन चालू ठेवून एका बाजूनं घाण काढायची, दुसऱ्या बाजूनं नवं तेल ओतत राहायचं. ओतायचं थांबलं की संपलं."

"पोरगी हुशार हाय," झाकीर म्हणाला.

"हुशार हाय म्हणून तर टँकरवर बसते," गौराबाई दारातून म्हणाली. "मागचं स्थळ तेवढ्यावरच परत गेलं. मुलगी पाइप धरते म्हणाले."

"पाइप धरते, त्यांच्या पोराचा हात धरला नाय हे त्यांचं नशीब," हर्षला म्हणाली आणि पाना घेऊन गाडीखाली शिरली.

त्यांनी आधी गिअरबॉक्सचं तेल सोडलं. घट्ट, गुलाबी, बादली भरून वर फेस. मग तळाचा ट्रे उतरवला. ट्रेच्या तळाशी चिखलासारखा थर होता. झाकीरनं तो बोटानं घासून उन्हात धरला. काळे कण दिसले, थोडेच.

"कातडं निघायला लागलंय. पण थोडं. तू वेळेत थांबलास."

नागूच्या जिवात जीव आला. मग त्यांनी रेडिएटर उतरवला, उलटा केला, आणि झाकीरनं लाकडी मोगरीनं खालच्या टाकीवर दोन टोले दिले. आतून तांबडी खपली पडली, नखाएवढी, आणि पांढऱ्या मिठासारखा चुरा. झाकीरनं चुरा उचलला, जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकला.

"हे विहिरीचं पाणी नाय. बोअरचं हाय. मीठ, लोखंड, सगळं. ह्यानं नळी खाल्ली. कोण घालतंय हे?"

"मागच्या वर्षी तूच केलं व्हतंस रेडिएटरचं काम," नागू म्हणाला. खाई त्याला खवखवे, पण माणूस आधी दुसऱ्याच्या तोंडाकडं बोट दाखवतो. "तुझ्या गॅरेजातच कुणीतरी भरलं असंल."

झाकीरनं त्याच्याकडं बघितलं. मग शांतपणे हात पुसले, पाने पिशवीत टाकले, आणि चपला घालू लागला. चाळीस वर्षांत त्याच्या कामावर असं बोट कुणी ठेवलं नव्हतं, आणि ठेवणारा नागू असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बाबा," हर्षला म्हणाली, "चिमाआजीचा तांब्या सांगा की त्यांना."

"तू गप बस."

"नाय बसत. झाकीरचाचा, वाडीवर रोज गाडीला पाणी पाजतात. चार वर्षं. बोअरचं."

नागू तुळशीच्या कट्ट्यावर बसला. आता लपवण्यात काही उरलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीची पहिली फेरी. टाकी खाली झाल्यावर चिमा तांब्या घेऊन पुढं आली होती. पाणी आणणाऱ्याला आधी पाणी द्यायचं, ही त्या वाडीची रीत. वाडीत एक बोअर होती, तिचं पाणी मचूळ आणि तांबूस, भांडी घासायला वापरायचे. पण टँकरचं गोडं पाणी अजून हंड्यांत स्थिरावलं नव्हतं आणि पाहुण्याला थांबवायचं कसं, म्हणून तिनं आहे ते आणलं. नागू म्हणाला, "तहान नाय." घामानं शर्ट पाठीला चिकटलेला आणि म्हणे तहान नाही. पाणी खारं म्हणून नाही प्यायला, असं त्यानं पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण तेव्हा त्यानं पाणी बघितलंही नव्हतं. तांब्या धरलेला हात तेवढा बघितला होता. त्याच्या घरात त्या वाडीच्या हातचं पाणी कुणी कधी प्यालं नव्हतं. चिमा म्हणाली, "तू नाय पीत तर तुझ्या गाडीला पाज. ती तर दमली असंल." आणि तिनं स्वतःच रेडिएटरजवळ जाऊन तांब्या पुढं केला. नागूनं मुकाट झाकण उघडलं. त्या दिवसापासून रोज एक तांब्या. कंपनीत असताना रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालणाऱ्या पोराच्या कानाखाली वाजवणारा नागू चार वर्षं हे बघत राहिला, कारण ‘नको’ म्हटलं तर पहिल्या ‘नको’चा हिशेब पुढं आला असता.

हे सगळं त्यानं झाकीरला असं सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "मी नाय प्यालो, म्हणून गाडीला पाजलं."

झाकीरला कळायचं ते कळलं. गौराबाईलाही कळलं.

"माणसाला चालत नव्हतं ते गाडीच्या पोटात घातलंत," ती म्हणाली, "आन आता पोट दुखलं तर झाकीरभावजींना शिव्या."

"चुकलो, झाकीरभाई."

झाकीरनं चपला काढल्या. "चुकलास तर चुकलास. पाना दे. माझ्याकडं मोडीतल्या जेसीबीचा तेल गार करायचा वेगळा कूलर पडलाय. तो पुढं बाहेर लावू. रेडिएटरच्या पोटातल्या नळीची दोन्ही तोंडं बंद करू. म्हणजे पाणी आन तेल पुन्हा एका घरात नांदणारच नाय."

दुपारी कमलेश आला. गाडीचे भाग अंगणभर पसरलेले, नागू घमेल्याच्या काठाशी बसून ट्रे घासतोय, हे बघून त्याला बरं वाटलं असावं.

"काका, कशाला म्हातारपणी? माझ्या टँकरवर ड्रायवर म्हणून या. एसी केबिन. पाणी पायथ्याच्या टाकीत सोडायचं, चढायची कटकट नाय. टाकी आज भरून पण आलो."

"आन वर कोण नेणार?"

"पाय हायत की त्यांना. मोळ्या घेऊन उतरतात, तर हंडे घेऊन चढतील."

"मग तुझ्या रिसॉर्टच्या पाव्हण्यांना पण सांग," नागू म्हणाला, "पोहायच्या तलावाचं पाणी नदीवरून हंड्यानं आणा म्हणून. पाय त्यांना पण हायत."

"उद्या संध्याकाळी ग्रामसेवक येतायत. मग बोलू."

"संध्याकाळी मी वर असंन. बोलायचं तर वर ये."

बोलायला बोलला, पण ट्रे घासणारे हात थांबले होते. कमलेश गेल्यावर हर्षलानं ट्रे त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः घासायला बसली.

*

रेडिएटर धुणं हे गौराबाईनं अंगावर घेतलं. चुलीवर मोठा हंडा चढवला, कढत पाण्यात कपड्यांची पावडर घातली, आणि ते पाणी रेडिएटरमध्ये ओतून दोघी मायलेकी तो बाळाला पायावर घेतल्यासारखा डोलवत राहिल्या. पहिलं पाणी गुलाबी आलं. दुसरं, तिसरं, चौथंही. प्रत्येक वेळी वर तेलाचे डोळे तरंगायचे. सहाव्या पाण्याला गौराबाईनं विहिरीत डोकावून बघितलं.

"वाडीवर घोटभर नाय आन आपण लोखंड धुतोय," ती म्हणाली.

"हे धुतलं तर त्यांना मिळंल, आई."

"कळतंय गं मला. जिवाला लागतं म्हणून बोलले."

दहाव्या पाण्याला डोळे दिसेनासे झाले.

बुधवारी सकाळी झाकीर जेसीबीचा कूलर, रबरी नळ्या, गिअरचं तेल गाळायची नवी जाळी आणि लाल तेलाचे डबे घेऊन आला. कूलर मूळ जागी बसेना. नागूनं कंपनीचा जुना अँगल कापला, भोकं पाडली, आणि तो बंबाच्या जाळीपुढं उघडाच लटकवला. दिसायला कसातरीच दिसत होता, बैलाच्या गळ्यात ट्रंक बांधल्यासारखा. रेडिएटर चढवून त्यात शुद्ध पाणी आणि हिरवं कुलंट भरलं. मग गिअरबॉक्समध्ये नवं तेल घालून इंजिन सुरू केलं. परतीची नळी बादलीत. झाकीर बादलीवर, नागू स्टिअरिंगवर, हर्षला नरसाळं धरून डब्यावर.

"ये... ये..." झाकीर ओरडत होता. "गुलाबी... अजून गुलाबी... वत, वत, थांबू नको!"

हर्षलाचे दंड भरून आले. घाम पापण्यांवरून तेलाच्या नरसाळ्यात पडू नये म्हणून ती मान वाकडी करून उभी होती. बादलीतला रंग हळूहळू बदलला. गुलाबीचा फिका लाल, फिक्याचा लाल.

"बंद!"

नळी जोडली. नागूनं गाडी पुढच्या गिअरला टाकली. गाडी हलली. अंगणातून रस्त्यावर गेली. पहिला गिअर, दुसरा पडला, आणि तिसऱ्याला परवासारखंच झालं. इंजिन पुढं पळालं, गाडी मागं राहिली. नागूनं पट्टी काढली. पुन्हा गुलाबी झाक.

"संपलं," तो म्हणाला. दुपारचे दोन वाजले होते. "आत प्लेटी गेल्या. बावीस आन चार, सव्वीस वर्षं सांभाळली, आन एका तांब्यानं मारली मी."

तो खरंच रडवेला झाला होता. हर्षला मात्र फोन काढून पुन्हा त्या दाढीवाल्याचे हात बघत होती.

"तो तीनदा करतो," ती म्हणाली. "बाबा, ऐका. तो तीनदा धुतो. मधी गाडी फिरवून आणतो. गिअरबॉक्सच्या पुढच्या गोल डब्यात तेल अडकून राहतं, ते फिरवल्याशिवाय निघत नाय. आपण एकदाच केलंय."

नागूनं नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. कंपनीतला इंजिनीअरही दोन दिवस होता, एक नाही, हे त्याला आत्ता आठवलं.

"वत," तो म्हणाला.

दुसऱ्यांदा केलं. गाडी गावाभोवती फिरवली. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्या वेळी शेवटचा डबा संपत आला आणि बादलीत पडणारी धार कुंकवासारखी लाल होती. झाकीरनं ती बोटावर घेतली, चोळली, वास घेतला.

"आता बघ," तो म्हणाला.

तिसरा गिअर पडला. धक्का न देता, आवाज न करता पडला. एसटीच्या थांब्यासमोरून नागूनं गाडी मुद्दाम सावकाश नेली आणि विहिरीवर टाकी भरायला लावली.

*

चढाच्या पायथ्याशी कमलेशची काळी टाकी होती, तोंडापर्यंत भरलेली. नळाखालची माती कोरडी होती. आत्ताच पुन्हा भरली असावी, असं नागूला वाटलं. ग्रामसेवक मोटारसायकलवर टेकून उभा होता, शेजारी कमलेश. नागूनं काच खाली घेतली.

"वर या," तो म्हणाला. "बोलायचं व्हतं ना?"

पहिलं वळण आलं. इंजिनाचा आवाज जड झाला. हर्षलानं सीटच्या कडेला धरलं. नागूचे डोळे उष्णतेच्या काट्यावर. गाडी जरा कचरली, गिअर आपला आपण खाली पडला, आणि चारी चाकांनी मुरूम धरला. परवा टाकलेले धोंडे खिडकीखालून मागं गेले. मग दुसरं वळण, आणि मग वाडीच्या तोंडावरचं कुंभ्याचं झाड.

नेहमी गाडीचा आवाज आला की बाया धावत यायच्या. आज त्या आधीच ओळीत बसल्या होत्या, हंड्यांच्या मागं, आणि उठायला वेळ लावत होत्या. ओठ फुटलेले. एका पोराला त्याच्या आजीनं मांडीवर आडवं घेतलं होतं, पोट चोळत.

"काय झालं ह्याला?" हर्षलानं विचारलं.

"बोअरचं पचलं नाय," चिमा म्हणाली. "लेकरं हागतात त्यानं."

"पण खाली टाकी भरलेली हाय," नागू म्हणाला. "काल दुपारपासून."

"हाय तर."

"मग?"

चिमानं त्याच्याकडं न कळत्या पोराकडं बघावं तसं बघितलं. "एक हंडा उचलला असता तर तुमचं तिथंच भागतं असं त्यांनी लिवलं असतं. मग पाणी पुन्हा वर आलं असतं का? परवा आलो खाली, तवा गाडी आपली अडकली व्हती म्हणून आलो. त्या टाकीला दोन दिवस एक बाई शिवली नाय."

दोन दिवस आपण या बायांसाठी झटतोय असं नागू समजत होता. इथं या बाया खारं पाणी पिऊन त्याच्या गाडीची जागा धरून बसल्या होत्या. चिमाच्या हातात तांब्या होता. ती बंबाच्या तोंडाकडं निघाली तसा तो आडवा आला.

"गाडीला नको. ह्या पाण्यानंच ती मेली व्हती. मला ठाऊक व्हतं, मी बोललो नाय." आणि त्यानं हात पुढं केला. "मला दे."

चिमानं तांब्या दिला नाही. ती त्याच्या हाताकडं बघत राहिली, मग तोंडाकडं.

"चार वर्षांनी तहान लागली व्हय तुला?" ती म्हणाली, आणि तांब्या मिरचीच्या रोपाशी रिकामा केला. "आता चांगलं आणलंयस, तर हे कशाला? माफी नाय मागायची आमच्या पाण्याजवळ. सोड वॉल्व्ह."

त्याला ते लागलं. लागायलाच हवं होतं, असंही वाटलं. हर्षलानं वॉल्व्ह सोडला आणि पाणी पिंपात धडाडून पडू लागलं.

तेवढ्यात मोटारसायकल कमलेशला मागं घेऊन धापा टाकत वर आली. ग्रामसेवकानं वही काढली, कपाळ पुसलं.

"बाई, काल आणि आज खालच्या टाकीचं पाणी मिळालं, एवढं सांगा. सगळ्यांचे अंगठे घेतो."

"नाय घेतलं."

"टाकी तुमच्यासाठीच ठेवली होती ना म्हातारे?" कमलेश म्हणाला.

"ठेवली असंल. आमी नाय घेतलं. हे आलंय ते लिव."

ग्रामसेवकानं गाडीकडं बघितलं, वहीकडं बघितलं, कमलेशकडं बघायचं टाळलं. "बुधवार, पाणी मिळालं," असं म्हणत त्यानं लिहिलं.

"कुठं मिळालं?"

"त्याला रकाना नाही, बाई."

"मग काढ."

"असा रकाना काढता येत नाही. छापील वही आहे."

"रेघ मारायला काय लागतंय?" चिमानं हंडा जमिनीवर ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. तिच्यामागं बाकीच्या बाया बसल्या. पिंपं भरत होती, कुणी उठलं नाही. "वर मिळालं, वाडीत मिळालं, असं लिव. सोमवार, मंगळवारापुढं पण लिव, वर मिळालं नाय. मग अंगठा."

ऊन उतरायला लागलं होतं. मग ग्रामसेवकानं पट्टी म्हणून हर्षलाकडून पाना मागितला, वहीच्या पानावर एक उभी रेघ मारली, आणि वर लिहिलं, ‘वाडीत’. खाली तिन्ही वारांपुढं चिमानं सांगितलं तसं भरलं. चिमानं वाचता येत नसताना ती अक्षरं बोटानं मोजली, हर्षलाला वाचायला लावली, आणि मग अंगठा उठवला. एकेक बाई येत गेली.

कमलेश मोटारसायकलशी जाऊन उभा राहिला होता. कुणीच आपल्याशी बोलत नाही हे बघून तोच म्हणाला, "मग ती टाकी?"

"कोनती?" चिमानं विचारलं.

"पायथ्याची. भरलेली हाय. हलवायला चार माणसं लागतील."

"मग सांग की," चिमा म्हणाली, आणि भरला हंडा डोईवर घेऊन घराकडं वळली. "त्या कामाला आमी खाली येऊ."